१९८५ चा सहा इंची आरसा : जुन्या दुर्बिणीच्या दुरुस्तीच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

दुर्बीण साताऱ्यातल्या एका विज्ञानशिक्षकांची. हॅलेचा धूमकेतू ९ फेब्रुवारी १९८६ ला सूर्याच्या सर्वांत जवळून जाणार होता. त्याच्या आधीच्या वर्षात महाराष्ट्रात बऱ्याच हौशी मंडळींनी घरी आरसे घासले, त्यांत सरही होते. सर आता नाहीत. त्यांच्या मुलीने, ताईंनी, दुर्बीण माझ्याकडे दिली ती एका अटीवर: चालू झाली की शाळेतल्या मुलांना दाखवायची.

सामान असं आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची नळी, लांबी १.२८ मीटर, आतला व्यास २०० मिमी, खालच्या टोकाला गंज. मुख्य आरसा साध्या जाड काचेचा, जाडी सुमारे २५ मिमी. त्याच्या पाठीवर काळा ऑइलपेंट आणि त्याखाली हिऱ्याच्या कणीने कोरलेलं ‘६ इंच, ४८ इंच, डिसेंबर १९८५’. म्हणजे नाभीअंतर व्यासाच्या आठपट, एफ/८. दुय्यम आरसा, म्हणजे प्रकाश बाजूला वळवणारा छोटा सपाट आरसा, नेहमीच्या घरगुती आरशातून कापलेला. आयपीस (डोळ्याला लावायची भिंगं) दोन, दोन्ही सूक्ष्मदर्शकाचे, २३ मिमी नळीचे. एकात बुरशीचं जाळं पसरलंय. स्टँड नळाच्या पाइपांचा, विषुववृत्तीय पद्धतीचा, म्हणजे एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला. त्याचे आटे इतके झिजलेत की नळीला बोट लावलं तरी चित्र बराच वेळ थरथरतं.

मुख्य आरशाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या थराला (कलईला) भोकं पडलीत आणि कडेचा भाग दुधाळ झालाय. पाहणारा पहिला म्हणतो, आरसा गेला. ते खरं आहे का हे आधी तपासायचं ठरवलं. तोवर एकही स्क्रू सोडणार नाही.

१० नोव्हेंबर

रात्री दहानंतर गच्चीवर नेली. ईशान्येकडचा ब्रह्महृदय धरला. तारा फोकसमध्ये ठिपका दिसत नाही, चार टोकांचा फुगीर चौकोन दिसतो. फोकसच्या आत-बाहेर केलं तर चौकोनाची टोकं तशीच राहतात. गुरू पाहिला, दोन पट्टे असल्याचा भास, कडा फाटलेली, आणि शेजारी त्याचीच फिकट सावली. ही सावली दुय्यम आरशाची असणार. घरगुती आरशाला कलई मागच्या बाजूला असते, त्यामुळे काचेच्या पुढच्या पृष्ठावरून एक वेगळं प्रतिबिंब येतं.

चौकोनाचा दोषी शोधायला एक सोपी युक्ती आहे, आणि जुनी दुर्बीण हातात आलेल्या प्रत्येकाने ती आधी करावी. मुख्य आरसा त्याच्या बैठकीत (त्याला नळीत धरणाऱ्या भागात) पाव वळण फिरवायचा आणि तोच तारा पुन्हा पाहायचा. ताऱ्याचा वाकडेपणा आरशाबरोबर फिरला तर दोष काचेत. जागच्या जागी राहिला तर दोष बैठकीत किंवा दुय्यम आरशात. चौकोनात चारही बाजू सारख्या असल्याने मी ४५ अंश फिरवून क्लिपा पुन्हा आवळल्या. चौकोन हलला नाही.

बैठक उघडून पाहिल्यावर कारण समोरच होतं. प्लायवूडच्या चकतीवर चार लोखंडी क्लिपा, त्यांखाली रबर, आणि चकती ओल धरून फुगलेली. क्लिपा आरशाला चार बाजूंनी दाबत होत्या. काच कडक दिसते, पण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापात ती सहज वाकते.

१६ नोव्हेंबर

आरसा धुतला, मग जुना थर काढला. धुताना आधी नुसतं वाहतं पाणी, धूळ आपोआप सुटेपर्यंत. बोट किंवा कापूस लगेच लावला तर धुळीतली वाळू पॉलिशवर ओरखडे काढते. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन थेंब, आणि कापसाचे बोळे नुसते वजनाने ओढत न्यायचे.

थर काढायला फेरिक क्लोराइड वापरलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डाचं तांबं खाण्यासाठी मिळतं तेच. कॉस्टिक सोड्यानेही अ‍ॅल्युमिनियम निघतं, आणि लवकर निघतं, पण तो जास्त वेळ राहिला तर काचेच्या पॉलिशलाच हात घालतो. मला काच वाचवायची होती, वेळ नाही.

प्लास्टिकच्या पसरट टबात आरसा तोंड वर करून ठेवला आणि द्रावण ओतलं. अर्ध्या तासात मधला भाग पारदर्शक झाला. कडेचा दुधाळ पट्टा मात्र ढिम्म. तिथे अ‍ॅल्युमिनियमवर संरक्षक थर असावा, द्रावण त्याच्या छिद्रांतूनच आत शिरत होतं. द्रावण ताजं केलं, टब कोमट पाण्यात ठेवला, मधूनमधून ओल्या कापसाने अलगद पुसत राहिलो. संध्याकाळपर्यंत सगळं निघालं. घासून काढायचा मोह तिथे झाला तर आवरा. हा भाग फक्त वेळ मागतो.

फेरिक क्लोराइडचे डाग फरशीवरून आणि कपड्यांवरून जात नाहीत. हातमोजे घाला, चष्मा घाला, खिडक्या उघड्या ठेवा. वापरलेलं द्रावण धुण्याच्या सोड्याने निष्प्रभ करून मगच टाका. एकूण खर्च, डिस्टिल्ड वॉटर आणि हातमोजे धरून, ३५० रुपये.

उघडी काच उजेडात तिरपी धरून पाहिली. पॉलिश पूर्ण आहे, एकही खड्डा नाही, कडेपर्यंत. घरी हाताने घासलेल्या आरशात कडेला सूक्ष्म खड्डे राहणं नेहमीचं. सरांनी घाई केली नव्हती.

२३ नोव्हेंबर

फूकोची पातं-चाचणी मांडली: परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत पातं सरकवायचं आणि आरशावर पडणाऱ्या सावलीवरून त्याचा आकार तपासायचा. कलई नसलेली काच सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करते आणि या चाचणीला तेवढा पुरतो. आरसे घासणारे सगळे उघड्या काचेवरच तपासतात. एक पांढरा एलईडी, दोन दाढीच्या पात्यांची फट, तिसरं पातं सरकवायला, आणि दिवा व पातं एकाच सरकत्या पट्टीवर. पट्टी किती सरकली हे मोजायला वर्कशॉपमधून उसनं आणलेलं डायल गेज. आरसा भिंतीला टेकून दोन खिळ्यांवर उभा. पातं आणि आरसा यांत सुमारे २.४ मीटर अंतर.

रात्रीचं काम फुकट गेलं. आरशावरची सावली उकळत्या पाण्यासारखी हलत होती, आणि आरशावरच्या एकाच गोल पट्ट्याचं माप दर वेळी वेगळं येत होतं. खोलीची फरशी दिवसभराची ऊब सोडत होती, दाराखालून वाऱ्याची झुळूक येत होती, आणि आरसा उचलून ठेवताना लागलेली हाताची ऊबही काचेवर फुगवट्यासारखी दिसत होती. साधी काच उष्णतेने बोरोसिलिकेट या कमी प्रसरणाच्या काचेपेक्षा बरीच जास्त प्रसरण पावते, तिला निवायला वेळ द्यावाच लागतो.

२४ नोव्हेंबर

आरसा रात्रभर जागेवरच ठेवला. त्याच्यापासून पात्यापर्यंत खोक्यांच्या पुठ्ठ्याचा बोगदा केला. पंखा, फ्रीज बंद. पहाटे पाचला सावली स्थिर.

वक्रता त्रिज्या २४१६ मिमी, म्हणजे नाभीअंतर १२०८ मिमी. पुठ्ठ्याच्या मुखवट्यातून आतला पट्टा केंद्रापासून २४ मिमीवर आणि बाहेरचा ७० मिमीवर मोजला. आरसा अचूक पॅराबोला (ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत आणणारा आकार) असता तर या दोन मापांत ०.९० मिमी फरक यायला हवा. सरासरी ०.८२ आली. पॅराबोला किंचित अपुरा, बाकी पृष्ठ गुळगुळीत. कडेला उतरण नाही, मध्ये खळगा नाही.

हा आकडा कसा वाचायचा ते सांगतो, कारण ‘अपुरा’ या शब्दाने माणूस घाबरतो. ६ इंच एफ/८ आरसा अगदी शुद्ध गोल ठेवला, पॅराबोला केलाच नाही, तरी त्याची परतणाऱ्या प्रकाशलहरीतली (तरंगआघाडीवरची) चूक पाव तरंगलांबीच्या आसपास असते. नवशिक्यांना पहिला आरसा हाच घासायला सांगायचे ते त्यासाठीच. या आरशात गोलापासून पॅराबोलापर्यंतचा नव्वद टक्के प्रवास झालाय. उरलेली चूक आकाशात दिसायचीच नाही.

आज निर्णय झाला: काचेला पुन्हा पॉलिश नाही. कलई नवी, आणि काचेभोवतीचं सगळं नवं.

३० नोव्हेंबर

आरसा पुण्याला कोटिंगला दिला. कुरिअरवर भरवसा नव्हता, एसटीने मांडीवर घेऊन गेलो. लाडवांचा पसरट स्टीलचा डबा, तळाला फोम, आणि आरसा फक्त कडेने टेकेल अशी फोमचीच चौकट. पृष्ठाला काहीही शिवत नव्हतं. दर २,८०० रुपये, आगाऊ.

४ डिसेंबर

कोटिंगवाल्यांचा फोन. “पाठीमागचा रंग काढून आणा, तसा चेंबरमध्ये घालता येणार नाही.” त्यांचं बरोबर होतं. कलई निर्वात पोकळीत चढवतात, आणि तिथे जुना ऑइलपेंट वायू सोडत राहतो, पोकळी पुरेशी खोल होत नाही आणि थर धुरकट बसतो. पुन्हा पुणे, पुन्हा साताऱ्याला परत. जुन्या आरशांच्या पाठी हमखास रंगवलेल्या असतात, कारण मागून येणारा उजेड अडवायचा असे. तुमच्या आरशालाही असेल तर जायच्या आधीच काढा.

८ डिसेंबर

रंग थिनरने आणि लाकडी कांडीने काढला. आरसा उपडा ठेवताना पुढचं पृष्ठ कशालाही टेकू नये म्हणून खाली पुठ्ठ्याचं कडं. कडेच्या तिरक्या घासलेल्या भागात पॉलिशिंगच्या डांबराचे तपकिरी कण अडकले होते, ते केरोसिनने. चाळीस वर्षं तिथेच होते. तेही चेंबरमध्ये गेले असते तर त्यांनी तेच केलं असतं जे रंगाने केलं असतं. कोरलेली तारीख स्वच्छ दिसू लागली. तिच्यावर पुन्हा रंग देणार नाही.

१५ डिसेंबर

आरसा पुण्यात, तोवर बैठक. ही या कामातली सर्वांत महत्त्वाची वस्तू, म्हणून सविस्तर.

१० मिमी जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन चकत्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्या काकांकडून काढून घेतल्या. खालची नळीला पक्की, वरची तीन स्प्रिंगांवर, तीन विंग नटांनी वरखाली होणारी. वरच्या चकतीवर आरसा टेकतो तो फक्त तीन ठिकाणी, नायलॉनच्या तीन बटणांवर. बटणं मध्यापासून आरशाच्या त्रिज्येच्या ०.४ पट अंतरावर, म्हणजे ३० मिमीवर, १२० अंशांनी. एवढ्या जाड सहा इंची काचेला तीन टेकू पुरतात, नऊ किंवा अठरा टेकूंच्या भानगडीत पडू नये.

कडेला तीन खुंट्या, आरसा घसरू नये इतपत. त्यांच्या वरच्या क्लिपा आरशाला शिवत नाहीत. लग्नपत्रिकेचा कागद क्लिप आणि काच यांत सहज सरकला पाहिजे. काका म्हणाले, “अहो, एवढी ढिली ठेवली तर खुळखुळंल की!” खुळखुळू द्यावी. आरसा उतरणीवर किंचित सरकला तर कॉलिमेशन (आरशांची एका रेषेतली जुळणी) थोडं बिघडतं, ते दोन मिनिटांत जुळतं. आरसा आवळला तर चित्र रात्रभर बिघडतं.

वरच्या चकतीच्या मध्ये भोक ठेवलं, मागून पंख्याची हवा आरशाच्या पाठीला लागावी म्हणून. संगणकातला ८० मिमीचा, १२ व्होल्टचा पंखा, तीन रबरी दोऱ्यांवर टांगलेला म्हणजे कंप पोचत नाही. चकत्या, लेथ आणि नट मिळून १,३०० रुपये. पंखा आणि छोटी बॅटरी ४००.

२२ डिसेंबर

आरसा काल परत आला. थर एकसारखा, दिव्यासमोर धरला तर एखाददुसरं सुईच्या टोकाएवढं छिद्र. मध्यावर वहीच्या पानांना लावतात ती कागदी रिंग चिकटवली, कॉलिमेशनसाठी. आरशाचा मधला भाग तसाही दुय्यम आरशाच्या सावलीत असतो, त्यामुळे रिंगने काही बिघडत नाही.

दुय्यम आरसा नवा घेतला, लंबवर्तुळाचा लहान अक्ष ३५ मिमी, कलई पुढच्या पृष्ठावर, २,२०० रुपये. जुना ५० मिमीचा होता आणि मुख्य आरशाचा एक तृतीयांश व्यास झाकत होता. आता २३ टक्के. हे ग्रहांच्या पट्ट्यांत दिसतं.

स्पायडरवर, म्हणजे दुय्यम आरसा नळीच्या मध्ये धरणाऱ्या आधारावर, मात्र बराच वेळ गेला. जुना आधार एकच जाड सळई होती, नळी हलवली की दुय्यम आरसा मान डोलवायचा. तीन पातळ पात्यांचा स्पायडर हॅक्सॉच्या ब्लेडांचा करायला घेतला. ब्लेड कडक पोलादाचं, ड्रिलची टोकं त्यावर बोथट होत गेली. टोक गॅसवर लाल करून निववलं तर भोक पडलं, पण ब्लेड तिथेच वेडंवाकडं झालं. शेवटी स्टीलच्या पातळ फूटपट्ट्या कापून वापरल्या. अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडी, सरळ, आणि साध्या ड्रिलने भोक. फूटपट्ट्या, बोल्ट आणि मधली पितळी दांडी मिळून ४५० रुपये. ब्लेडांचा सल्ला जुन्या लेखनात सापडतो, फूटपट्टी घ्या.

२९ डिसेंबर

नळी. गंज तारेच्या ब्रशने, रेड ऑक्साइड, बाहेरून पांढरा. आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग, त्यात चाळलेला लाकडाचा भुसा मिसळून. भुशाने पृष्ठ खडबडीत होतं आणि तिरपा उजेड तिथेच मरतो. रंग पूर्ण सुकल्यावर नळी उलटी करून ठोकावी, सुटा भुसा पडून जातो. नाहीतर तो आरशावर पडेल. ६५० रुपये.

५ जानेवारी २०२५

फोकसर, म्हणजे आयपीस पुढेमागे सरकवणारी नळी, बसवला. सरांचा फोकसर पितळी नळीचा, नळीबाहेर १२० मिमी उंच, सूक्ष्मदर्शकाच्या आयपीससाठी. नवा सव्वा इंची, धातूचा, दाते-चक्रीचा, पूर्ण आत असताना ६० मिमी उंच, ४० मिमी सरकणारा. २,४०० रुपये. २५ मिमी आणि १० मिमीचे दोन प्लॉसल प्रकारचे आयपीस, ३,६०० रुपये.

अडचण अपेक्षित होती तीच आली: फोकस लागत नाही. आयपीस पूर्ण बाहेर ओढला तरी फोकस त्याच्याही पुढे.

११ जानेवारी

पौर्णिमा दोन दिवसांवर, चंद्र भरपूर. फोकसरमधून आयपीस काढला आणि बटर पेपरचा तुकडा पुढेमागे करत चंद्राची प्रतिमा कुठे टोकदार होते ते पाहिलं. प्रतिमा ११ मिमीची, खड्ड्यांसकट स्पष्ट, नळीच्या पत्र्यापासून १२० मिमीवर. नव्या फोकसरच्या मध्यावर, म्हणजे सुमारे ८५ मिमीवर, ती आणायची तर मुख्य आरसा ३५ मिमी मागे घ्यायला हवा. सरांची बैठक नळीत बरीच आत होती, त्यामुळे मागे जागा मिळाली. नवी भोकं पाडली. आरसा आत असताना नळीत ड्रिल चालवायचं नाही. बैठक काढून, भोकं पाडून, कीस चुंबकाने आणि ओल्या फडक्याने टिपून, मगच आरसा आत.

भोकं पाडायच्या आधी हे कागदावर काढता आलं असतं: १२०८ मधून नळीची त्रिज्या १०० आणि फोकसची उंची ८५ वजा केली की आरसा ते दुय्यम आरसा १०२३ मिमी. पण जुन्या दुर्बिणीत कुठलंही माप गृहीत धरू नये. चंद्र आणि बटर पेपर खोटं बोलत नाहीत.

१९ जानेवारी

पाइपांचा स्टँड बदलावा का, यावर मी बरेच दिवस अडलो होतो. तो सरांनी जुळवलाय, ध्रुवाकडचा अक्ष साताऱ्याच्या अक्षांशाला, साडेसतरा अंशांच्या थोडा वर, नेमका बसवलाय. पण आटे गेलेत, आणि शाळेच्या मैदानावर मुलं दुर्बीण ढकलणार, ओढणार. त्यांना हाताने सहज वळणारा स्टँड हवा. अमेरिकेत जॉन डॉब्सन यांनी रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवताना रूढ केलेली प्लायवूडची पेटी या कामाला सर्वांत योग्य. सरांचा स्टँड, जुना फोकसर, जुना दुय्यम आरसा, सगळं तेल लावून, चिठ्ठ्या चिकटवून एका पेटीत ठेवलंय. कुणाला मूळ रूप पुन्हा उभं करायचं झालं तर एकही तुकडा हरवलेला नसेल.

१८ मिमीचं प्लाय. सुतार मिस्त्रींनी कापून, फेविकॉल आणि स्क्रूने पेटी जोडली. वरखाली फिरण्यासाठी नळीच्या दोन बाजूंना ११० मिमी ड्रेनेज पाइपाची पीव्हीसी टोपणं, ती टेफ्लॉनच्या तुकड्यांवर टेकतात. आडवं फिरण्यासाठी तळफळीवर सनमायका आणि खाली टेफ्लॉनचे तीन तुकडे. साहित्य ३,९०० रुपये, मजुरी १,५००.

टोपणांची जागा नळीच्या मध्यावर नाही, तोलावर. आरसा, फोकसर, आयपीस सगळं बसवून नळी गोल काठीवर तोलून पाहिली आणि तिथे खूण केली.

२६ जानेवारी

नवा स्टँड अडकतो. गुरू १० मिमीच्या आयपीसमध्ये, म्हणजे १२१ पट वर्धनाला, धरला आणि थोडं सरकवायचं म्हटलं की आधी काहीच होत नाही, मग एकदम झटका बसून गुरू क्षेत्राबाहेर. वरखाली हालचाल लोण्यासारखी, आडवी मात्र वाईट.

कारणं दोन. मिस्त्रींकडे शिल्लक होता म्हणून चकचकीत गुळगुळीत सनमायका लावला होता. टेफ्लॉन गुळगुळीत पृष्ठाला चिकटून बसतं, सुरुवातीची अडक मोठी होते. बारीक दाणेदार सनमायका हवा, म्हणजे प्रत्यक्ष टेकणारा भाग कमी. दुसरं, टेफ्लॉनचे तुकडे तळफळीच्या अगदी कडेला होते. आतल्या बाजूला घेतले की तेवढ्याच घर्षणाला हाताचा जोर कमी लागतो. दाणेदार तुकडा मिस्त्रींनी वरूनच चिकटवून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. तुकडे ४० मिमी आत घेतले. आता बोटाने गुरू क्षेत्राच्या मध्यावर ठेवता येतो.

२ फेब्रुवारी

पंखा तासभर आधी चालू केला, मग गच्चीवर. सूर्यास्तानंतर गच्चीचा सिमेंट कोबा ऊब सोडतो, म्हणून नऊच्या आधी निष्कर्ष काढत नाही.

ब्रह्महृदय पुन्हा. फोकसमध्ये गोल ठिपका, भोवती एक बारीक कडं, आणि तीन पात्यांमुळे सहा फिकट किरण. फोकसच्या आत-बाहेर वर्तुळं गोल. आतल्या बाजूची कडी बाहेरच्यापेक्षा थोडी वेगळी दिसतात, हे फूको चाचणीतल्या ०.०८ मिमीचं दृश्य रूप. चौकोन गेला.

पुनर्वसूतला कॅस्टर १२१ पटीला स्वच्छ दोन तारे. मृगाच्या पट्ट्यातला पूर्वेकडचा तारा कठीण असतो, दोन तारे जेमतेम अडीच विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आत आणि एक बराच मंद. १० मिमीला उसनं, वर्धन दुप्पट करणारं बार्लो भिंग लावून २४२ पटीला तोही सुटला. मृगाच्या तेजोमेघातल्या चार ताऱ्यांच्या चौकडीत पाचवा तारा स्थिर दिसला, सहावा हवा शांत झाली की. गुरूवर दोन पट्टे, त्यांतल्या एकाच्या कडेला गाठी. सावलीसारखं दुसरं प्रतिबिंब नाही. मंगळ १६ जानेवारीच्या प्रतियुतीपासून, म्हणजे आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला आल्यापासून, लहान होत चाललाय, तरी उत्तरेची पांढरी टोपी आणि एक गडद पट्टा दिसला.

पंखा बंद करून मुद्दाम पाहिलं. काही वेळाने मोठ्या वर्धनाला ताऱ्याची कडी पुन्हा थरथरू लागली. नळी पत्र्याची, काच साधी. चारशे रुपयांच्या पंख्याचं काम इथे डोळ्यांना दिसतं.

ताई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, “बाबांचा आरसा तोच ना?” तोच. बदलली ती फक्त कलई.

९ फेब्रुवारी

खर्चाची बेरीज १९,५५० रुपये, प्रवास सोडून. त्यातले ३,६०० आयपीसचे, ते पुढच्या कुठल्याही दुर्बिणीला चालतील. वेळ सर्वांत जास्त गेला तो पुण्याच्या फेऱ्यांत आणि हॅक्सॉच्या ब्लेडांत. ज्याला पैसे वाचवायचे असतील त्याने फोकसर आणि आयपीस नंतर घ्यावेत, पण बैठक आणि दुय्यम आरसा आधी. तारा गोल दिसेपर्यंत महागडा आयपीस चौकोनच मोठा करून दाखवतो.

राहिलेली कामं. शोधक दुर्बीण नाही, सध्या नळीवर दोन रिंगांचं साधं नेम धरायचं साधन आहे. मुलांना ते कळतं का ते पाहून ठरवेन. पेटीला खाली चाकं हवीत, मैदानापर्यंत नेताना वजन जाणवतं. आयपीससाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल आणलंय. नळी मात्र प्लास्टिकमध्ये गुंडाळणार नाही, आतल्या ओलीने कलई जाते. तोंडाला सुती कापडाची टोपी, नळी आडवी, आरसा उभा राहील अशी. जूनच्या आधी बैठकीचे विंग नट आणि स्प्रिंगा ग्रीसने पुसायच्या, आणि आरशावर धूळ दिसली तरी तो पावसाळा संपेपर्यंत धुवायचा नाही.